झाकणावरचा घोडा

वीस वर्षांपूर्वीचे एक दुकान डोळ्यांपुढे आणा. मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे आणि लॅपटॉप घेण्यासाठी वडील तिला बरोबर घेऊन आले आहेत. दुकानदाराने दोन यंत्रे काउंटरवर मांडली. पोटातला प्रोसेसर सारखा, मेमरी सारखी, पडदाही जवळजवळ सारखाच. एकाचे झाकण करड्या रंगाचे, साधे. दुसऱ्याचे लालभडक, आणि त्यावर मागच्या पायांवर उसळलेला काळा घोडा. मुलीची नजर त्या घोड्यावरून हलेना. वडिलांनी दोन्ही किमती विचारल्या, मनाशी वजाबाकी केली आणि म्हणाले, "याला एवढे जास्त कशाचे?"

"साहेब, ही फेरारी आहे," दुकानदार म्हणाला.

हे दुकान आम्ही कल्पनेने उभे केले आहे. घोडा मात्र खरा आहे. तैवानच्या एसर कंपनीने २००३ साली 'फेरारी ३०००' नावाचा लॅपटॉप बाजारात आणला. इटलीत शर्यतीच्या मोटारी बनविणाऱ्या फेरारी कंपनीशी तिने करार केला होता, आणि त्या कराराने तो लाल रंग व तो घोडा तिला वापरता आला. आत एएमडी कंपनीचा ॲथलॉन प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट मेमरी आणि ६० गिगाबाइटची डिस्क होती. अमेरिकेत त्याची किंमत १९०० डॉलरच्या घरात होती. त्या वर्षांत मायकेल शूमाकर फेरारीच्या गाडीतून जगज्जेतेपद मिळवीत होता, २००० ते २००४ अशी ओळीने पाच वर्षे. त्यामुळे तो लाल रंग साऱ्या जगाच्या डोळ्यांत भरलेला होता. २००५ साली 'फेरारी ४०००' आला. २००६ साली तैवानच्याच असुस कंपनीने लॅम्बोर्गिनी या दुसऱ्या इटालियन मोटारीचे नाव घेऊन आपला लॅपटॉप काढला. एसरची ती लाल मालिका आता बंद झाली आहे. परंतु रीत बंद झालेली नाही. २०२० साली एसरनेच पोर्शे डिझाइनच्या नावाने एक लॅपटॉप काढला, आणि २०२३ साली एमएसआय या कंपनीने मर्सिडीझ-एएमजीच्या नावाने. तेव्हा त्या वडिलांचा प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

आपल्याकडे फेरारी हे नाव घरोघरी गेले ते सचिन तेंडुलकरांमुळे. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी त्यांनी बरोबरी केली म्हणून २००२ साली फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट दिली. तिच्यावरचे आयातशुल्क एक कोटी रुपयांहून अधिक होत होते. सरकारने ते माफ केले तेव्हा २००३ साली मोठा गदारोळ झाला आणि अखेर ते शुल्क कंपनीनेच भरले. गमतीची गोष्ट अशी की त्या सगळ्या वादात लोक शुल्कावर भांडले. ती गाडी तेवढ्या किमतीची आहे काय, असे कोणी विचारल्याचे आम्हांस आठवत नाही. काही नावांपुढे हा प्रश्न तोंडातून बाहेरच पडत नाही.

असो. वडिलांच्या प्रश्नाला दोन उत्तरे अगदी तयार असतात. घरातली वडीलधारी माणसे म्हणतील, शुद्ध उधळपट्टी आहे, काम दोन्हींवर सारखेच होणार. तरुण मंडळी म्हणतील, ज्याचे पैसे त्याची मर्जी. घेणारा राजी, देणारा राजी, मग तिसऱ्याने मध्ये का बोलावे? ही दोन्ही उत्तरे आम्हांस घाईची वाटतात. पहिले उत्तर देणारी आजीबाई मुलीच्या लग्नात साध्या लुगड्यावर भागवीत नाही. तिला पैठणीच हवी असते, आणि अंग तर दोन्हींनी सारखेच झाकते. दुसरे उत्तर देणारा तरुण, आपल्याला कोणी फसविले असे कळले की, राजी होतो हे विसरून दुकानदाराशी भांडायला जातो. म्हणजे वस्तूला तिचे असे काही योग्य मोल असते, ही समजूत आपल्या सर्वांच्या मनात आहेच. ते मोल मोजायचे कशाने, एवढाच प्रश्न उरतो.

या कामी आपल्या भाषेने आपल्या हाती एक चांगले साधन दिले आहे. किंमत म्हणजे दुकानदार मागतो ती रक्कम. मोल म्हणजे वस्तूची योग्यता. पण मोल या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. आपण मोलमजुरी म्हणतो, मोलकरीण म्हणतो, मोलाने माणूस लावला असे म्हणतो. तेथे मोल म्हणजे कष्टाचा मोबदला. वस्तूची योग्यता आणि माणसाचे कष्ट यांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देऊ नये. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे वर्गात सांगून पाहावे. मुले ते चटकन धरतात. आता त्या वडिलांचा प्रश्न याच शब्दात विचारू. लाल लॅपटॉपवर जे जास्तीचे पैसे जातात, ते कोणाच्या कष्टाचे मोल आहेत?

काही भाग नि:संशय खऱ्या वस्तूचा आहे. 'फेरारी ४०००' चे झाकण कार्बन फायबरचे होते. हे द्रव्य वजनाला हलके आणि ताठपणात पोलादालाही हार न जाणारे असते. १९८१ साली मॅक्लारेन संघाने फॉर्म्युला वन शर्यतीत कार्बन फायबरच्या सांगाड्याची पहिली गाडी उतरविली, आणि पुढे सगळ्यांनीच ते घेतले. असे झाकण बनवायला प्लॅस्टिकपेक्षा जास्त खर्च येतो. त्याचे पैसे मागणे सचोटीचेच आहे. मात्र त्या संपूर्ण लॅपटॉपचे वजन तरीही जवळजवळ तीन किलो होते, हेही सांगितले पाहिजे. झाकण शर्यतीच्या गाडीचे आणि ओझे बाजारहाटाच्या पिशवीचे!

प्रोसेसरच्या बाबतीत तर नावाचा काहीच संबंध नव्हता. एएमडीचा तोच ॲथलॉन दुसऱ्या साध्या लॅपटॉपांतही बसविला जात होता. लॅम्बोर्गिनीच्या नावाचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१०-११ च्या सुमारास असुसने त्या नावाचे दोन लॅपटॉप थोड्याच अंतराने पुढे आणले. 'व्हीएक्स ७' मध्ये इंटेलचा कोअर आय ७ हा जबरदस्त प्रोसेसर होता. 'व्हीएक्स ६' मध्ये इंटेलचाच ॲटम होता. हा प्रोसेसर स्वस्त, लहान, कमी विजेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी काढलेला. पत्र लिहावे, बातमी वाचावी, इतपत कामाचा. झाकणावर मात्र दोन्हींच्या तोच लढाऊ बैल. लॅम्बोर्गिनीची मोटार आणि एखादी बैलगाडी एकाच नावाने विकावी तसे हे झाले. बैल दोन्हींकडे आहे, हे मात्र खरे.

यावरून नाव उसने घेणे हेच मुळात पाप आहे, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्ही तो काढणार नाही, कारण खुद्द फेरारीचा घोडाही उसनाच आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्चेस्को बराक्का नावाचा इटालियन वैमानिक होता. शत्रूची चौतीस विमाने त्याने पाडली आणि १९१८ च्या जूनमध्ये तो मारला गेला. त्याच्या विमानावर उसळत्या घोड्याचे चित्र असे. एन्झो फेरारी स्वत: सांगत असत की १९२३ साली राव्हेन्नाजवळच्या एका शर्यतीत ते जिंकले, त्यानंतर बराक्काच्या आईवडिलांशी त्यांची ओळख झाली; आणि त्या आईने त्यांना सांगितले की माझ्या मुलाचा घोडा तुझ्या गाडीवर लाव, तो तुला लाभेल. एन्झोंनी त्यामागे पिवळा रंग घातला, कारण त्यांच्या मोडेना गावाचा रंग पिवळा होता. पण घोडा मिळाला म्हणून त्यांनी तो लगेच मिरविला नाही. त्यांच्या संघाच्या गाड्यांवर तो आला १९३२ साली. त्यांच्या स्वत:च्या नावाची पहिली मोटार मारानेल्लोच्या कारखान्यातून बाहेर पडली १९४७ साली. १९८८ साली ते वारले, तोपर्यंत त्या घोड्याखाली चाळीस वर्षांचे काम जमा झाले होते: बिघडलेली इंजिने, हरलेल्या शर्यती, शर्यतीत गेलेले चालक, आणि पुन्हा नवी गाडी. आईने दिलेले चिन्ह होते शोकाचे. त्याला जगात जी किंमत आली ती त्या कामाने आली.

आपण सगळेच उसन्या नावांवर जगतो. बापाचे आडनाव आपण कमावलेले नसते. एखाद्या जुन्या शिक्षकाचा मुलगा गावात गेला तर लोक त्याला ओट्यावर बसवून चहा देतात. तो मान त्याचा नव्हे, वडिलांचा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण त्या नावावर त्याने उधारी सुरू केली, आणि परतफेडीला तोंड दाखविले नाही, तर गाव काही दिवसांनी वडिलांबद्दलही निराळे बोलू लागते. नाव घेणारा नावाखाली काम करतो, की नावालाच कामाला जुंपून आपण बाजूला बसतो, हा फरक आहे. पोर्शे डिझाइनचे उदाहरण येथे निराळे पडते. ती संस्था १९७२ साली फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी काढली. पोर्शे ९११ या गाजलेल्या गाडीचा आकार याच गृहस्थांचा. चष्मे, घड्याळे, अशा वस्तूंचे आकार घडविणे हाच त्या संस्थेचा धंदा आहे. अशा संस्थेने लॅपटॉपच्या आकारात खरोखर हात घातला असेल तर तिचे मोल तिला द्यावे. मारानेल्लोच्या इंजिन-कारागिरांनी मात्र एसरच्या कीबोर्डला हात लावलेला नव्हता.

मग एसरला हा घोडा हवा तरी कशाला होता? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की दोष फिरून आपल्याच दाराशी येतो.

एसर कंपनी स्टॅन शिह यांनी १९७६ साली काही सहकाऱ्यांसह काढली. तेव्हा तिचे नाव मल्टिटेक होते; एसर हे नाव १९८७ साली घेतले. तैवानमधले कारागीर त्या काळी जगभरच्या कंपन्यांसाठी संगणक व त्यांचे भाग बनवीत होते. माल चांगला होता. पण त्यावर तैवानचे नाव दिसले की गिऱ्हाइकाच्या मनात स्वस्त माल असाच शब्द उमटे. १९९२ च्या सुमारास शिह यांनी आपल्या लोकांना समजावण्यासाठी कागदावर एक रेघ काढली. ती हसऱ्या तोंडासारखी, दोन्ही टोकांना वर आणि मधे खाली वाकलेली आहे. डाव्या टोकाला कल्पना, शोध, आराखडा. उजव्या टोकाला नाव, विक्री, सेवा. आणि मधे, अगदी खालच्या जागी, प्रत्यक्ष वस्तू जोडणे. पैसा दोन टोकांना मिळतो, मधे उरत नाही. व्यापारशास्त्रात ही रेघ आज स्मितरेषा म्हणून शिकविली जाते. आम्हांस तिच्यात स्मितापेक्षा दुसरेच काही दिसते. जो हातांनी वस्तू जोडतो, स्क्रू पिळतो, डोळे ताणून तारा जुळवितो, तो त्या रेषेच्या तळाशी बसलेला आहे. आणि त्याला तेथे बसविणारा एकटा कारखानदार नव्हे. नाव पाहून पैसे सैल सोडणारे आणि काम पाहून मूठ आवळणारे आपण गिऱ्हाईक, आपणही त्यात आहोत. तैवानच्या नावाला कोणी जास्त पैसे देईना, म्हणून तैवानच्या माणसाने इटलीचा घोडा आणला. त्याला हसण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

न्याय्य किमतीचा विचार तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या पंडिताने फार बारकाईने केला आहे. त्याचा एक मुद्दा येथे अगदी चपखल बसतो. एखादी वस्तू देताना विकणाऱ्याचे काही विशेष नुकसान होत असेल, तर त्याने ते किमतीत धरावे, असे तो म्हणतो. पण विकणाऱ्याचे काही जात नाही आणि घेणाऱ्याला मात्र त्या वस्तूची निकड फार आहे, अशा वेळी त्या निकडीवर किंमत चढवू नये. कारण ती निकड घेणाऱ्याची आहे, आणि जे आपले नाही ते विकण्याचा अधिकार कोणाला नाही. हा न्याय त्या दुकानात लावून पाहू. एसरने घोड्यासाठी फेरारीला पैसे मोजले होते, तेव्हा तेवढे किमतीत धरणे तिला सुटते. पण मुलीच्या डोळ्यांतली चमक ही कोणाची? वर्गात चार मुलींपुढे लाल झाकण उघडण्याची तिची हौस कोणाची? ती तिची स्वत:ची आहे. तिचीच हौस तिला परत विकली जात असेल, तर त्या व्यवहारात काहीतरी वाकडे आहे. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण लपविलेले काही नाही. तरीही वाकडे आहे.

अमेरिकेतील थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दाखवून दिले की काही वस्तू माणसे महाग असूनही घेतात असे नाही. महाग आहेत म्हणूनच घेतात. खर्च दिसावा हाच तेथे खर्चाचा उपयोग. हे वाचताना प्रत्येकाला आपला शेजारी आठवतो, स्वत:ची आठवण कोणालाच येत नाही. म्हणून आम्ही एक सोपी कसोटी सुचवितो. हा लॅपटॉप खोलीचे दार लावून वापरायचा आहे, आयुष्यात तो दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, असे ठरले, तर ते जास्तीचे पैसे आपण द्याल काय?

ही कसोटी लावली की सगळे गिऱ्हाईक बाद होईल, असे समजू नका. कोणी तरुण असा असतो की रविवारी घरी सगळे झोपले असताना तो शर्यत पाहत बसतो. मोन्झाचे वळण कोणते आणि कोणत्या फेरीत चाके बदलली, हे त्याला तोंडपाठ असते. त्याला तो घोडा बंद खोलीतही तितकाच प्रिय वाटेल. कोणी आजोबांचे घड्याळ खिशात बाळगतो, ते वेळ चुकीची दाखविते तरी, तसेच हे. त्याला त्याच्या पैशाचे काही मिळते, आणि ते त्याला रोज मिळते. जो दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी घेतो त्याचे मात्र कठीण आहे. त्याने ज्या वस्तूचे पैसे दिले, म्हणजे लोकांचे कौतुक, ती दुकानदाराच्या कपाटात नव्हतीच. ते देणे लोकांच्या हाती आहे, आणि लोक पहिल्या आठवड्यात देतात, दुसऱ्या आठवड्यात विसरतात.

शिवाय मोटार आणि लॅपटॉप यांचे आयुष्य निराळे. १९६२ ते १९६४ या काळात फेरारीने २५० जीटीओ नावाच्या गाड्या बनविल्या, अवघ्या ३६. त्यांतली एक २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. साठ वर्षांत त्या घोड्याचे मोल चढत गेले, कारण लोखंड आणि ॲल्युमिनियम दुरुस्त करता येते, झिजलेला भाग नवा घडविता येतो, आणि इंजिन पुन्हा गर्जते. लॅपटॉपच्या बॅटरीतले लिथियम काहीशे वेळा भरले-उतरले की थकते. 'फेरारी ३०००' ज्या विंडोज एक्सपीवर चालत होता, तिची सुरक्षेची कामे मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये थांबविली. आतले सगळे निरुपयोगी होते तेव्हा एकच भाग नवाकोरा उरतो, तो म्हणजे झाकणावरचा घोडा. आणि आपण जास्तीचे पैसे त्याचेच दिले होते!

नाव असे फार ठिकाणी लावले की पातळ होते, हे खुद्द फेरारीलाही उमगले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केले की इतरांना नाव वापरायला दिलेल्या करारांपैकी सुमारे निम्मे आम्ही बंद करणार, आणि वस्तूंच्या प्रकारांतही सुमारे ३० टक्के कपात करणार. घरमालकानेच पाट्या उतरवायला घेतल्या म्हणजे काय समजायचे ते गिऱ्हाइकाने समजून घ्यावे.

इथवर गोष्ट इटलीची आणि तैवानची होती. परंतु अगदी हाच प्रश्न २०२५ साली आपल्या, विशेषत: बेळगाव भागातील मंडळींच्या, दारात येऊन उभा राहिला. त्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या नामांकित कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन केले, आणि त्यात चालणाऱ्या तरुणांच्या पायांत कोल्हापुरी चपला होत्या. प्रथम त्यांना नुसत्या चामडी सँडल म्हटले गेले. कोल्हापूरचे नाव नाही, अथणीचे नाव नाही. ओरड झाली तेव्हा कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांचेही आहे. २०२५ च्या डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार झाला. येथील कारागिरांच्या सहभागाने २००० जोड बनवायचे आणि सुमारे ८०० युरोला एक जोड विकायचा, असे ठरले. रुपयांत हा आकडा ऐंशी हजारांच्या आसपास जातो.

हा आकडा ऐकून आपल्याकडे पुष्कळांना संताप आला. तो समजण्यासारखा आहे. पण थोडे थांबून विचार करू. बाभळीची साल आणि हिरडा यांत चामडे मुरविणे, ते कुटणे, चामड्याच्याच वादीने शिवणे, एकही खिळा न वापरणे, हे काम ज्यांनी पिढ्यानपिढ्या केले त्यांना आपण काय दिले? चपलेला हजार रुपये सांगितले की आपण सातशेला मागतो. कारागीर आठशेवर येतो, आणि आपण घरी येऊन किती स्वस्तात आणली ते सांगतो. त्याच बाजारातून पुढे मोबाइलच्या दुकानात गेलो की कंपनीने छापलेली किंमत मुकाट्याने देतो. तेथे घासाघीस करायची लाज वाटते. आणि त्या चपला शिवणाऱ्यांना आपल्या समाजाने चांभार म्हणून कोठे बसविले, हे तर आपल्यापैकी अनेकांना कोणी वेगळे सांगायला नको. ते घरच्या जुन्या माणसांकडून ऐकलेले आहे. शिहसाहेबांची ती वाकडी रेघ आपल्या बाजारपेठेत, आपल्याच पायांखाली, केव्हाची काढलेली होती.

आता त्या दुकानात परत जाऊ. बापलेक अजून काउंटरपाशी उभी आहेत. वडिलांनी आमचे मत विचारले असते तर आम्ही करडा लॅपटॉप घ्या असे सांगितले असते, आणि उरलेल्या पैशांत मेमरी वाढवा, चांगली पिशवी घ्या आणि तीन वर्षांची हमी घ्या, असेही. दुरुस्तीसाठी कोपऱ्यावरच्या ज्या मुलाकडे जाल, तो मागेल ते पैसे द्या, तेथे घासाघीस करू नका, असेही बजावले असते. मुलगी हिरमुसली असती. तिला आम्ही घोड्याची गोष्ट सांगितली असती, त्या आईपासून; तिला ती आवडली असती असे वाटते.

पुढे नोकरी लागल्यावर स्वत:च्या पगारातून तिने तो लाल लॅपटॉप आणला असता, तर मात्र आम्ही एक शब्दही बोललो नसतो. तिच्या घरी गेलो असतो, चहा घेतला असता, आणि म्हटले असते, आण पाहू तुझा घोडा, जरा जवळून बघू दे.